नानांची फियाट

ताईचा फोन शक्यतो रविवारी सकाळी येतो. सप्टेंबरात एकदा तो मंगळवारी दुपारी आला, तेव्हाच कळलं की काहीतरी आहे.

"घराचा सौदा झाला. पार्टी म्हणते दिवाळीच्या आत अंगण मोकळं करून द्या."

"अंगण मोकळंच आहे की."

"गाडी?"

गाडी. हो. धुळ्याच्या घराच्या अंगणात, कडुलिंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये नानांची फियाट उभी होती. ताई म्हणाली, भंगारवाला १८ हजार द्यायला तयार आहे, स्वतः येऊन उचलून नेतो म्हणतो. मी म्हटलं, "थांब जरा. मी एकदा येऊन साफ करतो."

"साफ करून भंगारात देणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये १८ वर्षं काढल्यावर एक सवय लागते. उत्तर नसलं की आपण म्हणतो, "मी बघतो." तसंच म्हटलं आणि फोन ठेवला.

तर मंडळी, ही त्या बघण्याची गोष्ट.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९९१ ची, आकाशी रंगाची, एमएच १८ पासिंग. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा, पुढे सोफ्यासारखी एकच लांब सीट, आणि खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात ती तिकोनी काच (ती वाकडी केली की वारा थेट तोंडावर. एसी वगैरे नंतरच्या गोष्टी). ही गाडी मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. १९६४ साली ती फियाट ११०० डी म्हणून आली आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. पण खानदेशात तिला पद्मिनी म्हणताना मी कुणालाच ऐकलं नाही. फियाट म्हणजे फियाट.

नानांनी ती १९९४ मध्ये एका डॉक्टरांकडून घेतली. मी नऊ वर्षांचा होतो. नाना हायस्कुलात गणित शिकवायचे. मास्तराने गाडी घेणं ही तेव्हा गल्लीत बोलायची गोष्ट होती, आणि गल्ली भरपूर बोलली. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी एक पिवळं फडकं, एक जुना दाढीचा ब्रश आणि बादली एवढा सरंजाम शेडमधल्या खुंटीवर टांगला, आणि पुढची बावीस वर्षं दर रविवारी सकाळी ते गाडी पुसत राहिले. फार वेळ नाही, दहा-पंधरा मिनिटं. दाढीच्या ब्रशाने डॅशबोर्डच्या फटीतली धूळ काढायची, काचा पुसायच्या, ऑइलची कांडी काढून बघायची, झालं. खंडेनवमीला मात्र साग्रसंगीत: गाडी धुवायची, झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आम्हा दोघांचं काम होतं चाकं घासणं. मी डाव्या बाजूची, ताई उजव्या.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. म्हणजे कळतं सगळं, पण शब्द येत नाहीत. "हो", "नको", "बरं" आणि कधीतरी एखादी खणखणीत शिवी, एवढंच. ताई-दाजी त्यांना आणि आईला जळगावला घेऊन गेले. घराला कुलूप लागलं. फियाट तिथेच राहिली.

आता माझा पराक्रम ऐका. २०१८ मध्ये घर बघायला म्हणून गेलो होतो. गाडीवर पाखरांची घाण, लिंबोळ्या, धूळ. वाईट वाटलं. लगेच बाजारात जाऊन जाडजूड निळी प्लास्टिकची ताडपत्री आणली, गाडी आहे तशी झाकली, चारी बाजूंनी सुतळीने आवळून बांधली, फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला: "नानांची गाडी सेफ!" सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग मी सात वर्षं ती सुतळी सोडली नाही.

इतकंच नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या. शेवटची काळी-पिवळी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असते, म्हणून. पेपरात मोठ्या हळव्या बातम्या आल्या होत्या. मीही त्यातली एक ग्रुपवर टाकली, खाली रडका चेहरा. आपली स्वतःची पद्मिनी साडेतीनशे किलोमीटरवर ताडपत्रीखाली कुजतेय हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. असो.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी आला. शुक्रवारची रजा टाकली, बुधवारी रात्रीची बस पकडली आणि पहाटे धुळ्यात उतरलो. बॅगेत काय नव्हतं! चार व्हिडिओ बघून मागवलेलं सामान: गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरची डझनभर फडकी, क्ले बार (म्हणजे एक प्रकारची चिकट माती, रंगात रुतलेले कण ओढून काढते), रबिंग कंपाउंड, पॉलिश, मेण, आणि "सगळं काही साफ करणारा" एक हिरवा फवारा. या फवाऱ्याकडे लक्ष ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

सुतळी कापली. ताडपत्री हात लावताच पापडासारखी तुटायला लागली. आणि खाली... काय सांगू. मला वाटलं होतं धूळ असेल. धूळ नव्हती, ओल होती. प्लास्टिक हवा जाऊ देत नाही. पावसाळ्यात जमिनीतून वर आलेली वाफ सात वर्षं आत अडकून राहिली होती. छपराच्या कडांना गंजाचे फोड, बोनेटवर पांढुरकी बुरशी, दारांच्या खालच्या कडा हाताने दाबल्या की चर्र. धुळीने जे केलं नसतं ते माझ्या ताडपत्रीने केलं होतं. नुसती उघडी, पत्र्याच्या शेडखाली राहिली असती तर बरी राहिली असती.

शेजारचे आबा काठी टेकत कंपाउंडपाशी आले. वय पंच्याऐंशीच्या पुढे. "काय करी ऱ्हायना रे भो?"

"गाडी धुतोय आबा."

आबांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हाई गाडी म्हनजे तुना बापना जीव व्हता." एवढं बोलून ते परत फिरले. बाकीचं त्यांनी बोलायचं ठेवलं, मला ते ऐकू आलंच.

दार उघडलं तर वास असा आला की मी चार पावलं मागे. उंदीर. मागच्या सीटच्या पोटात त्यांचा पूर्ण वाडा होता. जुन्या फियाटच्या सीटमध्ये स्प्रिंगांवर काथ्या असतो, तो सगळा उपसून त्यात कापूस भरलेला (खानदेशातले उंदीर, कापसाला काय तोटा!), शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे. मी झाडू उचलला तेवढ्यात मागून आवाज आला, "बेटा, सूखा मत झाडो!"

हे चाचा. नानांच्या फियाटचे मिस्तरी. आता गॅरेज त्यांचा मुलगा बघतो, पण ताईने फोन करून ठेवला होता म्हणून स्वतः आले. त्यांचं म्हणणं खरं होतं. उंदरांच्या लेंड्या-मुताची सुकी धूळ नाकातोंडात जाणं वाईट, आणि त्यांच्या मुतातून लेप्टोसारखा आजार होतो. मास्क, रबरी हातमोजे, आधी ब्लीचिंगचं पाणी मारून सगळं ओलं करायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग पिशवीत भरायचं. तीन मोठ्या पिशव्या भरल्या. मागची सीट उचलून उन्हात टाकली. खालचं मॅट काढलं आणि ड्रायव्हरच्या पायाखाली मला थेट अंगणातली फरशी दिसली. तळहाताएवढं भोक.

"इस को पालिश नहीं लगता," चाचा म्हणाले. पत्र्याचं ठिगळ, वेल्डिंग. ते नंतर.

मी विचारलं, आज चालू करून बघायची का? चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझे सगळे ज्युनिअर आठवले, शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोड टाकू का विचारणारे. नऊ वर्षं उभ्या गाडीला किल्ली मारायची नसते. टाकीतलं पेट्रोल कधीच उडून खाली डिंकासारखा गाळ राहिलेला असतो, तो कार्बोरेटरात गेला की संपलं. सिलिंडर कोरडे असतात, आधी प्लग काढून आत तेल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, मग हाताने इंजिन हळूच फिरवून बघायचं. ब्रेकच्या रबरी वाट्या गेलेल्या असतात. पेट्रोलच्या नळ्या बदलायच्या, कारण आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या रबराशी त्याचं जमत नाही. चाचांनी प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं आणि म्हणाले, "तू ऊपर का देख, अंदर का बाद में."

ऊपर का म्हणजे बाहेरून. हे मला आवडलं. बाहेरचंच मला जमतं.

गाडी धुण्यातही शास्त्र आहे बरं का. आमच्या काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ती पॉलिशपेपरसारखी घासते. नवीन गाड्यांच्या बोनेटवर उन्हात जे कोळ्याचं जाळं दिसतं ना, ते बहुतेक वेळा मालकाच्याच फडक्याने विणलेलं असतं. म्हणून आधी नुसतं पाणी, भरपूर. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली यायचं, टप आधी, चाकं शेवटी. आमच्या बोअरचं पाणी जड, नुसतं वाळू दिलं तर पांढरे डाग पडतात. ते डाग व्हिनेगर पाण्यात कालवून पुसले की जातात. पाखरांची घाण नुसती घाण नसते, ती आम्ल असते, रंगाला खाते. ती निघाली तरी खाली खड्डा राहतो. कडुलिंबाचा डिंक कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून, घाई न करता.

पहिल्या खेपेत एवढंच झालं. चाकं मी चारही घासली.

दुसऱ्या शनिवारी परत गेलो. आतलं काम. रेक्झिनच्या सीटा, दारांची अस्तरं, डॅशबोर्ड. आणि आता तो हिरवा फवारा.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक उभी पट्टी दिसते. दार लावलं की झाकली जाते, त्यामुळे तिथे कुणाचं लक्ष नसतं. ती ग्रीस, धूळ आणि बुरशीने काळी झाली होती. फवारा मारताना खालून वर मारत जायचा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, हे मी व्हिडिओत शिकलो होतो. मारला. पाच मोजले. खालची अर्धी पट्टी एका हाताने सरकन पुसली. लख्ख आकाशी! काय समाधान वाटलं. मग फडक्याकडे बघितलं. काळ्यात करड्या रेघा होत्या. पट्टीवर वर बघितलं तर वरच्या अर्ध्या भागात, मळाच्या खाली, बारीक अक्षर.

नानांचं अक्षर. पेन्सिलीने. एकाखाली एक तारखा, पुढे किलोमीटर, पुढे एखादा शब्द. ऑइल. प्लग. ऑइल. टायर. ऑइल, जळगाव (ताईच्या लग्नाचं बोलणं). बावीस वर्षं ते दर ऑइलला तिथे एक ओळ लिहीत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी चाकाजवळ असायचो ना.

वरच्या अर्ध्या पट्टीतली वाचता येणारी शेवटची ओळ अशी होती: "४/८/०३ पुणे. परत. ऑइल."

४ ऑगस्ट २००३. त्या दिवशी मला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर सोडायला नाना या गाडीने पुण्याला आले होते. मी वळकटी उतरवली, त्यांनी मेसचे पैसे दिले, आणि चहा न घेता ते परत निघाले. साडेतीनशे किलोमीटर, एकटे.

त्याच्या खाली तेरा वर्षांच्या ओळी होत्या. त्या आता माझ्या फडक्यावर होत्या.

मी फडकं पिळलं नाही, धुतलं नाही, उगाच उलगडून उन्हात धरून बघितलं. काय दिसणार? आमच्या धंद्यात बॅकअप असतो. पेन्सिलीचा बॅकअप नसतो.

त्या दिवशी पुढे काम केलं नाही. शेडमध्ये बसून राहिलो आणि मला अजिंठा आठवला. कुठून कुठे, पण खरंच. सहावीत असताना शाळेची सहल गेली होती. लेण्यांत काही चित्रं पिवळट, तेलकट दिसतात. मला वाटायचं जुनी आहेत म्हणून. पुढे वाचलं तेव्हा कळलं. एकोणिसाव्या शतकात ग्रिफिथ्स आणि त्यांचे मुंबईच्या आर्ट स्कूलचे विद्यार्थी तिथे नकला करायला आले, तेव्हा चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावलं. मग निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ च्या दरम्यान इटलीहून खास तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटणारे पापुद्रे धरून ठेवायला लाखेचा थर दिला. त्या क्षणी चित्रं झळकली असणार. पण लाख पिवळी पडली, तिने धूळ आणि काजळी धरून ठेवली, आणि तो थर रंगाला धक्का न लावता उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढची कितीतरी वर्षं गेली. त्यांतल्या कुणाचाच हेतू वाईट नव्हता. उलट त्यांचं अजिंठ्यावर प्रेमच होतं.

मी स्वतःला त्या मंडळींच्या पंगतीत बसवत नाहीये (एवढा शहाणा अजून नाही झालो). पण माझी ताडपत्री आणि माझा फवारा एकाच जातीचे आहेत हे मला तिथे बसून कळलं. वर्षानुवर्षं काही करायचं नाही आणि मग एक दिवस मोठ्ठं काहीतरी करायचं. झाकायचं तर सात वर्षं झाकायचं, साफ करायचं तर सगळंच साफ करायचं. नानांची पद्धत दहा मिनिटांची होती. दर रविवारी. त्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

आणि गाडीच कशाला. जळगावला मी वर्षातून दोनदा जातो. जाताना व्हीलचेअर, नवा टीव्ही, इंपोर्टेड गादी असं काहीतरी मोठ्ठं घेऊन जातो. दोन दिवस राहतो, नानांच्या शेजारी बसतो, आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडतो. ताई रोज त्यांचा उजवा हात तेल लावून चोळते. नऊ वर्षं. दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी रविवारी त्या पट्टीचा वरचा भाग मी नुसत्या मऊ कोरड्या ब्रशाने झटकला, आधी फोटो काढून. वर पारदर्शक टेप लावायचा विचार आला होता, पण अजिंठा ताजा होता. तसंच ठेवलं. आणि हो, ब्रश नानांचाच, दाढीचा. खुंटीवर होता.

तिसरी खेप १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला. गाडी रविवारी जळगावला न्यायची हे तोपर्यंत ठरलं होतं. भंगाराचं काय, हे ताईने विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

उरलं होतं रंगाचं काम. या गाड्यांना हल्लीसारखा वरून काचेसारखा पारदर्शक थर नसतो. जो रंग तोच वरचा थर. ऊन खाऊन तो खडूसारखा होतो, बोट फिरवलं की बोटाला पूड लागते. बोनेटवर ओला क्ले बार फिरवला, मग कंपाउंड लावून घासायला सुरुवात केली आणि फडकं आकाशी झालं. आधीचा अनुभव ताजा, त्यामुळे छातीत धस्स झालं. चाचा हसले. वरचा मेलेला रंग उतरतो, खालचा जिवंत वर येतो. मात्र किती उतरवायचा याला मर्यादा आहे. सगळा रंग मिळून जेमतेम एखाद-दोन कागदांच्या जाडीचा. धारेवर, कडेवर जरा जास्त दाबलं की खालचा प्रायमर दिसतो. म्हणून हाताने, छोट्या छोट्या भागात, आणि "अजून थोडं चकाकेल" असं वाटायच्या एक पाऊल आधी थांबायचं.

बंपरच्या क्रोमवरचा गंज कशाने जावा? पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाने. कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे येत नाहीत आणि वरवरचा गंज निघून येतो. चाचांना हे माहीत नव्हतं. मला केवढा आनंद झाला! तीन शनिवार-रविवारांत मी त्यांना शिकवलेली ही एकच गोष्ट.

मागच्या मडगार्डला एक पोचा आहे, १९९८ चा. ताई गाडी शिकत होती तेव्हा शेडच्या खांबाला लागली. चाचा म्हणाले ठोकून, लांबी भरून, रंग मारून देतो, पत्ता लागणार नाही. मी म्हटलं, राहू द्या.

रविवारी दुपारी एका टोइंगवाल्याच्या गाडीवर फियाट चढवली. स्वतः चालवत न्यायचा प्रश्नच नव्हता, ब्रेक नाहीत, विमा नाही, नोंदणीची मुदत कधीच संपलेली. मी त्याच्या केबिनमध्ये बसलो. पारोळा, एरंडोल, नव्वदेक किलोमीटर. हाच रस्ता लहानपणी सहा नंबरचा हायवे होता, आता त्रेपन्न आहे, चौपदरी. एरंडोलला चहाला थांबलो तर दोन पोरं येऊन फियाटबरोबर सेल्फी काढून गेली. एकाने विचारलं, "अंकल, कितीला घेतली?"

जळगावला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी, ताईच्या दारात पणत्या. दाजींनी फाटक काढूनच ठेवलं होतं. गाडी ढकलत आत घेतली. नाना व्हरांड्यात व्हीलचेअरवर. आईने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, की सांगितलं होतं, कोण जाणे. ते गाडीकडे बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही हल्ली, अर्धा चेहरा हलत नाही.

मग त्यांनी डाव्या हाताने खूण केली. जवळ.

खुर्ची ड्रायव्हरच्या बाजूला नेली. मला वाटलं बोनेटवरून हात फिरवतील, क्रोम बघतील, मी काय काय केलं ते मनात मांडून ठेवलं होतं. त्यांनी त्यातलं काही बघितलं नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवला. मी दार उघडलं. त्यांनी सरळ त्या पट्टीकडे बघितलं. वर. मग खाली, जिथे आता नुसता लख्ख आकाशी रंग होता. बोट ठेवलं तिथे. बोट खाली नेलं, वर आणलं.

"नाना, ते माझ्याकडून पुसलं गेलं," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

नाना माझ्याकडे बघत होते. ओठ हलले. शब्द यायला त्यांना वेळ लागतो, आम्ही थांबतो. ताईने शिकवलंय, त्यांचा शब्द आपण पुरा करायचा नाही.

"ऑइल?"

इतका स्पष्ट. ताईने आईकडे बघितलं.

"नाही नाना," मी म्हटलं. "ऑइल बदललं नाही अजून. नुसती धुतलीय."

नानांनी मान हलवली, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. पाढा चुकलेल्या पोरासमोर हलवायचे तश्शीच. आणि ताई एकदम हसायला लागली, मग आई, मग मीही.

रात्री मी पेन्सिल घेऊन गेलो. ४/८/०३ च्या खाली बरीच जागा सोडली. मोबाइलच्या उजेडात शेवटी लिहिलं: "१९/१०/२५ धुळे-जळगाव. ऑइल बाकी."

आता पुढचं. भंगारवाल्याला नाही सांगितलं. खालचं ठिगळ, ब्रेक, इंजिन उघडणं, सगळं व्हायचंय. त्यानंतर आरटीओ. वीस वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीच्या नोंदणीचं नूतनीकरण ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झालंय, वर पर्यावरण कर आणि तपासणी वेगळी. व्हिंटेजची सवलत ५० वर्षांनंतर मिळते, म्हणजे २०४१ साली. हिशेबात हे कुठेच बसत नाही, १८ हजार घेऊन मोकळं होणं हेच बसतं. नानांनी आयुष्यभर गणित शिकवलं, पण या गाडीचं त्यांनी कधी केलं नाही, मीही करणार नाही म्हणतो. जमेल की नाही बघू. जमलं नाही तर तेही त्या पट्टीवर लिहीन.

एक मात्र सुरू केलंय. महिन्यातून एक शनिवार जळगाव. बॅगेत काही मोठ्ठं न घेता. सकाळी दहा मिनिटं फियाट, दहा मिनिटं नानांचा हात. दोन वेळा जमलंय, तिसऱ्यांदा रिलीज आली म्हणून चुकलं. ताई म्हणाली, "चालायचंच." पण ती तसंच म्हणते नेहमी, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

ता.क. तुमच्याही अंगणात कुणाची तरी स्कूटर, फियाट, राजदूत उभी असेल तर एवढं ऐका. प्लास्टिकने झाकू नका, झाकायचंच तर सुती कापडाने, हवा खेळती ठेवून. कोरडं पुसू नका. चालू करायची घाई करू नका, आधी मिस्तरीला बोलवा. आणि फवारा मारण्याआधी दारामागे, डिकीत, सीटखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे एकदा बॅटरी मारून बघा. काही लिहिलेलं असू शकतं.